सिस्टरचा पगार, फिटरचा पगार

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. मी माहेरी शहापूरला जेवायला बसले होते. वैनीनं कडबू केले होते. तिची आई, म्हणजे आमच्या गोकाकच्या विहीणबाई, दिवाळीला लेकीकडं आलेल्या. तूप वाढून झालं आणि त्यांनी मला सहज विचारलं, ‘‘सिस्टर, पगार एष्ट ऐतिवा?’’

आपल्या भागात पगार विचारणं कुणी उद्धटपणा मानत नाही. बंगळूरकडचे लोक पगाराला ‘संबळ’ म्हणतात. आपल्याकडं मराठीतही पगार आणि कानडीतही पगारच. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द आपण दोन्ही भाषांत वाटून घेतला आहे. त्यामुळं प्रश्न कळला नाही असं सोंगही करता येत नाही.

आजवर या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर होतं. ‘‘होट्टीगे साकागतैति.’’ पोटापुरतं मिळतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी खरा आकडा सांगून टाकला. ‘‘एकोणीस हजार.’’

‘‘आणि नोकरी किती वर्षं?’’

‘‘तीस.’’

विहीणबाई थबकल्या. मग जावयाकडं वळून त्यांनी विचारलं, ‘‘निम्म हुडुगग एष्ट कोडतीरि?’’ तुमच्या पोराला किती देता? पोरगा म्हणजे माझ्या भावाच्या वर्कशॉपमधला ऑपरेटर. चोवीस वर्षांचा, आयटीआयचा टर्नर, चार वर्षांपासून सीएनसी मशीन चालवतो. भावाचा हात ताटातच थांबला. ‘‘ओव्हरटाइम धरून चोवीस हजार,’’ तो हळूच म्हणाला.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग माझी भाची बोलली. ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लहानपणापासून माझा पांढरा युनिफॉर्म बघून ‘मी सिस्टर होणार’ म्हणत आलेली. ‘‘आत्ती,’’ ती म्हणाली, ‘‘मग मी नर्सिंग कशाला करू?’’

मराठीतली आत्ती, कानडीतली अत्ती. दोन्हीकडून मलाच विचारलेला प्रश्न होता आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते आहे. कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कितीतरी घरांत एक मुलगा उद्यमबागला किंवा मच्छेला कारखान्यात जातो आणि एक मुलगी दवाखान्यात.

एकाच घरातून दोन वाटा

आमचे वडील शहापुरात मागावर काम करत. घरात आम्ही दोघं, मी थोरली. दहावी-बारावी झाल्यावर लवकर पायावर उभं राहायचं, एवढंच ठरलेलं. १९९१ साली मी मिरजेला जनरल नर्सिंगला गेले. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. मिरज म्हणजे दवाखान्याचं गाव, हे आपल्या आजी-पणजीच्या काळापासूनचं. दोन वर्षांनी धाकट्या भावानं आयटीआयला टर्नरचा ट्रेड घेतला.

मी तीन वर्षं शिकले, तो दोन. मी दहावीनंतर आणखी दोन वर्षं कॉलेजात घालवलेली, तो दहावीनंतर थेट गेलेला. १९९४ साली एका खासगी नर्सिंग होममध्ये मला पहिला पगार मिळाला नऊशे रुपये. मूळ प्रमाणपत्रं डॉक्टरांच्या कपाटात. दोन वर्षं पुरी केल्याशिवाय ती परत मिळणार नव्हती. ‘सगळीकडं अशीच पद्धत आहे सिस्टर,’ असं मला सांगण्यात आलं आणि मला ते खरंच वाटलं. दोन वर्षांनी भाऊ शिकाऊ उमेदवारी संपवून एका कारखान्यात लागला. त्याला चौदाशे मिळाले.

तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आईनं दोघांच्या पहिल्या पगाराचे पेढे सारखेच वाटले होते. भावाचं काम मी पाहिलं होतं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा हाताला कटिंग ऑइलचा वास, नखांत काळं, शर्टावर लोखंडाचा बारीक कीस. १९९९ साली डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक मशीनमध्ये गेलं. ड्रेसिंग मीच करत होते. आजही त्याला डाव्या कानानं जरा कमीच ऐकू येतं. त्याचा पगार फुकटचा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते.

आठ महिने

फरक नुसता आकड्यांचा असता तर मी हा लेख लिहिलाच नसता. २००६ साली वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू पूर्ण गेली. चमच्यानं भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची नळी, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर. आईला एकटीला झेपणारं ते काम नव्हतं. घरात बैठक झाली. कुणीतरी एकानं काम सोडायला हवं होतं.

माझा पगार तेव्हा बत्तीसशे. भावाचा साडेसात हजार, वर ओव्हरटाइम. हिशेब दुसरी-तिसरीतल्या पोरालाही कळला असता. शिवाय मी सिस्टर. ‘‘अक्काला सगळं येतं,’’ भाऊ म्हणाला आणि ते खरंच होतं. मी बारा वर्षांची नोकरी सोडली आणि आठ महिने अनगोळहून रोज सकाळी शहापूरला जात राहिले. वडील गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. याचं समाधान मला आयुष्यभर पुरेल.

पण नंतर नोकरी शोधायला गेले तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात मला नव्या मुलीचा पगार मिळाला. अठ्ठावीसशे. ‘मधे गॅप आहे ना तुमची,’ असं कारण दिलं. आधीच्या ठिकाणची बारा वर्षांची ग्रॅच्युइटी मागावी म्हटलं, तर माझ्याकडं नेमणुकीचं पत्रच नव्हतं. पगार वहीवर सही करून मिळायचा आणि ती वही त्यांची. माझे मिस्टर तेव्हा बसमध्ये कंडक्टर होते. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडं एका तिकिटाचा हिशेब चुकला तर मेमो येतो आणि तुमची बारा वर्षं कुणी लिहूनसुद्धा ठेवली नाहीत?’’

कमी पगाराचा खरा फटका इथं बसतो. ज्याचा पगार कमी, त्याची नोकरी सोडायला सोपी. जो नोकरी सोडतो, त्याचा पगार पुन्हा कमी. घरातल्या कुणाचाही यात वाईट हेतू नसतो.

पाटी कुणाला लावता येते?

हा फरक का पडतो, याचा मी गेले काही महिने विचार करते आहे. एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नर्सिंगला आपण ‘सेवा’ म्हणतो. मिशनच्या जोगिणींपासून ‘सिस्टर’ हे नाव आलं आणि नावाबरोबर त्यागाची अपेक्षाही आली. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी आमच्या गल्लीत लोकांनी थाळ्या वाजवल्या, तेव्हा मी ड्युटीवर निघाले होते. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू! पण महिनाअखेरीला पगार तेवढाच होता.

दुसरं कारण भावानं सांगितलं. २००७ साली त्यानं ऐंशी-पंच्याऐंशी हजाराचा एक जुना लेथ घेतला, शेड भाड्यानं घेतली आणि स्वतःची पाटी लावली. टर्नर, वेल्डर, वायरमन, प्लंबर या सगळ्यांना हे जमतं. गिऱ्हाईक थेट त्यांच्या हातात पैसे देतं. नर्सला पाटी लावता येत नाही. तिचं काम डॉक्टरांच्या कागदावर चालतं. पेशंटच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी एक ओळ असते, रोजचे अमुक रुपये. ती ओळ वाचून नातेवाईक माझ्याकडं बघतात, जणू ते पैसे माझ्या खिशात जातात!

तिसरं कारण नर्सिंग कॉलेजांचं. कर्नाटकात ती इतकी झाली आहेत की दरवर्षी नव्या मुलींची रांग तयार असते. जुनी सिस्टर पगार वाढवा म्हणाली, तर दारात दोन नव्या उभ्या असतात. चांगला सीएनसी ऑपरेटर मात्र सहज मिळत नाही. तो गेला तर मशीन बंद आणि मशीनचा हप्ता चालू. म्हणून भाऊ त्याला सांभाळून असतो.

आणि चौथं कारण मला स्वतःला फार उशिरा कळलं. १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं, तर दुप्पट दरानं मजुरी द्यायची असं स्पष्ट लिहिलेलं आहे. भावाचा ओव्हरटाइम त्यातून आला. मी सलग दोन ड्युट्या केल्या की मला बदली सुट्टी मिळायची, तीही सोयीनं. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. बायकांना कारखान्यात संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामाला लावायचं नाही. त्यांच्या सुरक्षिततेसाठी! मी मात्र त्या तीस वर्षांत किती रात्री वॉर्डात काढल्या, त्याची मोजदाद नाही. जास्त मजुरीच्या मशीनवर रात्र बाईला धोक्याची ठरली आणि कमी पगाराच्या खाटेशेजारची रात्र तिचं कर्तव्य ठरली. आता २०२० च्या नव्या कामगार संहितेनं बाईच्या संमतीनं आणि सुरक्षेची सोय करून रात्रपाळीला परवानगी दिली आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

डेन्व्हरच्या नर्सेस

याच सुमारास अमेरिकेतल्या एका खटल्याची हकीकत वाचनात आली. कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात महापालिकेच्या नोकरीतल्या नर्सेसनी १९७० च्या दशकात कोर्टात दाद मागितली. त्यांच्या पुढारी होत्या मेरी लेमन्स, तिथल्या नर्सिंग विभागाच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्याच शहराच्या नोकरीत झाडांच्या फांद्या छाटणाऱ्यांना आणि पाट्या रंगवणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त पगार आहे. आमचं शिक्षण आणि आमची जबाबदारी बघा आणि मग सांगा.

महापालिकेनं उत्तर दिलं, की आम्ही नर्सेसचा पगार शहरातल्या इतर नर्सेसच्या पगाराकडं बघून ठरवतो. म्हणजे नर्सला कमी का, तर इतर नर्सेसना कमी म्हणून. आपल्याकडं ‘बाजारात हाच रेट आहे सिस्टर’ म्हणतात, तेच हे. १९७८ साली निकाल नर्सेसच्या विरुद्ध गेला. त्यांच्यावर अन्याय झाला नाही, असं न्यायाधीशांना वाटत नव्हतं. पण अशी तुलना मान्य केली, तर देशाची सगळी अर्थव्यवस्था विस्कटेल, अशी त्यांना भीती वाटली. १९८० साली अपीलही फेटाळलं गेलं.

आपल्याकडचा समान वेतन कायदा १९७६ चा. आता तो वेतन संहितेत सामावला आहे. एकाच किंवा सारख्या कामासाठी स्त्री-पुरुषांत फरक करू नये, असं तो सांगतो. पण नर्स आणि टर्नर यांची तुलना त्यात बसत नाही. काम सारखं कुठं आहे? न्यूझीलंडमध्ये मात्र क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाईंनी हाच प्रश्न लावून धरला. बायकाच करतात म्हणून एखाद्या कामाचा दर पडतो, हे कोर्टानं २०१४ साली विचारात घेतलं आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारनं पंचावन्न हजार सेविकांचे पगार वाढवले. २०२५ मध्ये नव्या सरकारनं कायदा बदलून असे दावे करणं पुन्हा अवघड केलं. म्हणजे तिथंही ही लढाई संपलेली नाही.

वहीच्या पानावरचा हिशेब

ही हकीकत मी भावाला सांगितली. तुळशीच्या लग्नाचा दिवस होता. तो म्हणाला, ‘‘मग आपणच तुलना करू की गं. आण वही.’’ भाचीनं वहीचं पान फाडलं. परदेशात काम मोजताना चार गोष्टी बघतात: कौशल्य, कष्ट, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. प्रत्येकाला पंचवीस गुण. एका बाजूला भावाचा ऑपरेटर, दुसऱ्या बाजूला वॉर्डातली सिस्टर. गुण भावानं द्यायचे, म्हणजे मी पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको.

कौशल्यात त्यानं दोघांना वीस-वीस दिले. ‘‘ड्रॉइंग वाचायचं, प्रोग्रॅम लावायचा, हायड्रॉलिकच्या पार्टला दोन-चार मायक्रॉनचा फरक चालत नाही,’’ तो म्हणाला. मी मान्य केलं. तेवढ्यात वैनी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘अक्का चार भाषा बोलतात, ते कुठं धरलं?’’ मी हसले. पण ते खरं होतं. बैलहोंगलची आजी कानडीत कळ सांगते, चंदगडचे काका मराठीत, गोव्याहून आलेले कोकणीत आणि कँपातली बाई उर्दूत. नवे डॉक्टर कधी कधी बाहेरून आलेले असतात. ‘होट्टी उरीतैति’ आणि ‘होट्टी नोवैतैति’ यातला फरक, म्हणजे पोटात जळजळतंय की दुखतंय, हा त्यांना मीच समजावते. त्यावरून औषध बदलतं. या दुभाषेपणाचा एक पैसा कुणी कधी दिला नाही. मागावा, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. भावानं वीसाचे बावीस केले.

कष्टात ऑपरेटरला अठरा, सिस्टरला वीस. सत्तर किलोच्या बेशुद्ध माणसाची कूस बदलताना त्यानं मला पाहिलं होतं. परिस्थितीत मीच त्याला जास्त द्यायला लावले. ऑपरेटरला वीस आणि मला अठरा. आवाज, तेल, उडणारा कीस, बोटांचा धोका. मला संसर्गाची भीती आणि रात्रपाळी.

जबाबदारीपाशी तो थांबला. ‘‘आमच्याकडं चूक झाली तर जॉब रिजेक्ट,’’ तो म्हणाला. ‘‘माल भंगारात जातो. पैसे जातात.’’ मग मला विचारलं, ‘‘तुझ्याकडं?’’ मी सांगितलं, इन्सुलिन चार युनिटच्या जागी चाळीस गेलं तर माणूस जातो. रात्री तीन वाजता, दोन पेशंट ओरडत असताना, मंद दिव्यात सिरिंजवरच्या रेघा बघायच्या असतात. त्यानं ऑपरेटरला पंधरा दिले आणि मला चोवीस. ‘‘एक कशाला कापलास?’’ भाचीनं विचारलं. ‘‘डॉक्टरला ठेवला,’’ तो म्हणाला.

बेरीज झाली. ऑपरेटर त्र्याहत्तर, सिस्टर चौऱ्याऐंशी. हा काही शास्त्रीय हिशेब नव्हे. दुसऱ्या घरात गुण वेगळे पडतील. पण पाच हजारांचा फरक ज्या दिशेला आहे, त्या दिशेला तो का असावा, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना.

‘‘मग काय, पोराचा पगार कमी करू?’’ भावानं विचारलं.

‘‘नको बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘त्याचा कमी करून माझा वाढणार आहे काय? घरभाडं भरून त्यालाही काय उरतंय!’’ भावाच्या धंद्याचंही मला ठाऊक होतं. २००९ च्या मंदीत आठवड्याला तीनच दिवस काम असायचं. २०२० च्या टाळेबंदीत शेड दोन महिने बंद होती आणि बँकेचा हप्ता चालू होता. तेव्हा आमच्या घरातला नियमित पगार माझाच होता.

मग तो बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसला. आमच्या गल्लीतल्या एका आजींना सांभाळायला ब्युरोची बाई येते, बारा तासांचे सातशे रुपये घेते. कागदाच्या मागच्या बाजूला त्यानं लिहिलं: दोनशे चाळीस दिवस गुणिले सातशे. एक लाख अडुसष्ट हजार. ‘‘ते आठ महिने मी रोज ओव्हरटाइम केला,’’ तो आईकडं बघून म्हणाला. ‘‘पहिल्या लेथचे पैसे त्यातूनच आले. अक्का घरात नसती, तर जमलं असतं काय?’’

एकोणीस वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मला पैसे नको होते. ते कुणीतरी मोजावेत, एवढंच हवं होतं.

सरकारी तराजू

आता भाचीच्या प्रश्नाकडं येते. आमच्या वहीच्या पानासारखं सरकारही काम मोजतं आणि तिथं चित्र उलटं दिसतं. हुबळीला रेल्वेचा जुना कारखाना आहे आणि रेल्वेचं मोठं हॉस्पिटलही आहे. मालक एकच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे रेल्वेत नर्सची सुरुवात सातव्या स्तरावर होते, मूळ पगार ४४,९०० रुपये. तंत्रज्ञ श्रेणी तीनची सुरुवात दुसऱ्या स्तरावर, १९,९०० रुपयांनी. सिग्नलकडच्या श्रेणी एकच्या तंत्रज्ञाची २९,२०० रुपयांनी. वर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे कुणीतरी बसून शिक्षण आणि जबाबदारी तोलली, की नर्सचं पारडं जड होतं. बाजारावर सोडलं की हलकं होतं. नर्स तीच, बदलतो तो तराजू.

खासगी दवाखान्यांसाठीही असा तराजू एकदा मांडला गेला आहे. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला याबाबत समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं शिफारस केली, की दोनशेहून जास्त खाटांच्या दवाखान्यात नर्सला राज्य सरकारच्या नर्सइतका पगार असावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासच्या आतल्या छोट्या दवाखान्यातही महिना वीस हजारांच्या खाली नको. ही २०१६ ची शिफारस! मी आज एकोणीस हजारांवर आहे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली. केरळात २०१७ साली नर्सेस संपावर उतरल्या, तेव्हा २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारनं वीस हजारांचं किमान वेतन अधिसूचनेनं जाहीर केलं. मागितल्याशिवाय मिळालं नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

भाचीसाठी चार ओळी

भाचीनं शेवटी नर्सिंगच निवडलं आहे. सीईटीच्या फॉर्मवर तिनं बीएस्सी नर्सिंग लिहिलं, तेव्हा मी जवळच बसले होते. भाऊ म्हणाला, ‘‘मशीन शिकायचं असेल तर शेड आहेच की.’’ ती म्हणाली, ‘‘मला माणसं हवीत, पप्पा.’’ मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. मग त्याच वहीच्या पानाखाली मी तिला चार ओळी लिहून दिल्या. तुमच्या घरातही कुणी मुलगी या वाटेनं निघाली असेल, तर तिलाही उपयोगी पडतील.

पहिली, नेमणुकीचं पत्र हातात घेतल्याशिवाय कामाला उभं राहायचं नाही. नव्या संहितांप्रमाणे ते द्यावंच लागतं.

दुसरी, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि घरी आणायची.

तिसरी, पगाराबरोबर प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयचा नंबर मागायचा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर ईएसआयसाठी आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. तो मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

चौथी ओळ मी बराच वेळ लिहिली नाही. मग लिहिली. घरात कुणी आजारी पडलं, तर ‘हिचा पगार कमी’ एवढ्या कारणावर नोकरी सोडायची नाही. सोडावी लागलीच, तर आधी हिशेब कागदावर मांडायचा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याखाली सही करायची.

भावानं ती ओळ वाचली, खिशातून पेन काढलं आणि सही केली. वैनीनं कानडीत केली. आईला लिहिता येत नाही, तिनं अंगठा दिला. भाचीनं तो कागद तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

परवा विहीणबाईंचा गोकाकहून फोन आला होता. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘पगार हेच्चाता?’’ वाढला का? ‘‘इन्नू इल्ल,’’ मी म्हटलं. अजून नाही. ‘‘खरे केळेनि.’’ पण मागितला आहे. सोमवारी लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. तीस वर्षांतला माझा हा पहिला अर्ज.